तिसरं शेड

महामारीत हॉटेलं बंद झाली तेव्हा अक्काच्या चार खोल्यांत मिळून मशरूमच्या अकराशे पिशव्या लागलेल्या होत्या. मशरूमला बंदी-बिंदी काही कळत नाही. ते उगवायचं तेव्हा उगवतं, आणि वेळेत खुडलं नाही तर दुसऱ्या दिवशी छत्री उघडून बसतं. मग त्याला कुणी फुकटसुद्धा विचारत नाही. सात आठवडे अक्का आणि तिचा धाकटा भाऊ रोज पहाटे खुडायचे, आणि खुडलेलं पाटीपाटीने मागच्या खड्ड्यात ओतायचे. पांढरंशुभ्र मशरूम मातीवर पडताना बघून भावजय एकदा रडली होती. अक्का रडली नव्हती. तिने फक्त किती पाट्या ओतल्या ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.

म्हणून सरकारने शेतांना मदत जाहीर केली, तेव्हा अक्काला वाटलं की निदान ह्या भिंतीवरच्या रेघोट्यांना कुणीतरी किंमत दिली. फॉर्म मोबाइलवरून भरायचा होता. अक्काला ते जमलं नसतं असं नाही, पण तिची सुरुवात चष्मा शोधण्यापासून व्हायची. त्यामुळे असली कामं भावाकडे. भाऊ चाळीशीला आलेला, तरी अक्का त्याला ‘छोट्या’च म्हणायची. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. शेत वडिलांनी दोघांच्या नावावर केलं होतं, पण खोल्यांच्या किल्ल्या, बँकेचं पुस्तक आणि व्यापाऱ्यांशी बोलणं हे सगळं तेव्हापासून अक्काच्याच हातात राहिलं. छोट्या माल पोचवायचा, थंडाव्याचं मशीन बिघडलं तर दुरुस्त करायचा, आणि पेट्रोलला पैसे लागले की अक्काकडे मागायचा.

मंजूर झालेल्यांची यादी कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लागली. अक्का ती बघायला स्वतः गेली. फळ्यासमोर दहा-बारा जण माना वर करून उभे होते. आपलं नाव सापडलं की प्रत्येकाचं बोट आधी स्वतःच्या ओळीवर आणि मग हळूच शेजाऱ्याच्या ओळीवर सरकत होतं. अक्काचंही तसंच झालं. तिची ओळ बरोबर होती. पिशव्या अकराशे, मंजूर. चार ओळी खाली अंडेवाले काका होते. कोंबड्या तीन हजार सहाशे, मंजूर.

अक्काने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तीन हजार सहाशेच.

अंडेवाले काका म्हणजे तिचे अगदी कुंपणाला कुंपण शेजारी. वडिलांचे दोस्त. त्यांची तीन शेडं अक्काच्या खोल्यांच्या दारातून दिसायची. मशरूमचं खत करायला भुशात कोंबडखत मिसळावं लागतं, आणि ते वीस-पंचवीस वर्षं त्यांच्याकडूनच यायचं. त्यांची दोन शेडं भरलेली असायची हे खरं. पण तिसरं? तिसऱ्या शेडात संध्याकाळी दिवाच लागत नाही हे अक्का कितीतरी दिवस बघत होती. एकदा वाऱ्याने त्याचं दार उघडलं होतं, तेव्हा आत नुसती जमीन दिसली होती. मग बाराशे कोंबड्या आल्या कुठून? कागदावर उबवल्या?

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

आठवड्याभरात काकांचे पैसे आले. त्यांनीच कुंपणावरून ओरडून सांगितलं, “आले गं अक्का! तुझे आले का?” अक्काने बँकेचं पुस्तक भरून आणलं. काही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यातही नाही. तिसऱ्यातही नाही.

“छोट्या, नीट भरला होतास ना फॉर्म?”

“भरला होता की.” छोट्या मशीनच्या पट्ट्याला हात घालून बसला होता, त्याने मान वर केली नाही. “साइटवर प्रलंबित दाखवतंय. सरकारी काम आहे, अक्का. आत ओळख असणाऱ्यांचं आधी होतं, मग आपलं.”

एवढं पुरलं. अक्काच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. कृषी कार्यालयातल्या मॅडम मध्यंतरी दोनदा काकांकडे आल्या होत्या. परत जाताना त्यांच्या गाडीत अंड्यांचे ट्रे होते, हे अक्काने खोलीच्या दारातून पाहिलं होतं. पैसे देऊन घेतले असतील म्हणा. पण नसतीलही. काकांनी पत्र्याला नवा रंग लावला होता. काका हल्ली कुंपणापाशी फार वेळ थांबत नव्हते. कुठेतरी पाणी मुरतंय असं एकदा वाटलं की मग जिथे हात लावावा तिथे ओलच लागते, तसं अक्काचं झालं.

उत्पादक मंडळाची बैठक दर महिन्याला शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. त्या महिन्यात पंचवीसेक माणसं आली होती. दुधाचे दर, पत्रे, पाणी असं बोलून झालं आणि कुणीतरी सहज म्हणालं, “अजून कुणाकुणाची मदत यायची राहिली?”

अक्का उभी राहिली. “माझी राहिलीय. आणि का राहिलीय तेही मला ठाऊक आहे. खोट्या कोंबड्यांना पैसे वाटून झाले, तर खऱ्या मशरूमला कुठले उरणार?”



“कुणाच्या कोंबड्या?” दूधवाल्याने विचारलं.

“तीन शेडांची मदत घेतली आहे, आणि तिसरं शेड रिकामं आहे. मी रोज बघते.” तिने नाव घेतलं नाही, पण तीन शेडं त्या भागात एकाचीच होती. अंडेवाले काका दुसऱ्या रांगेत बसले होते. ते मागे वळले, अक्काकडे बघितलं, आणि टोपी उचलून बाहेर गेले.

“बघा,” अक्का म्हणाली, “उत्तर असतं तर थांबले नसते का?”

तक्रारीचा अर्ज तिने तिथेच लिहिला. छोट्या तिच्या शेजारीच होता. “कशाला सही करतेस, अक्का?” तो खालच्या आवाजात म्हणाला. “येतील आपलेही पैसे.”

“तुला कुणाची भीड पडते रे एवढी?” अक्का म्हणाली आणि झोकात सही केली. पुढे कितीतरी वेळा तिला ते वाक्य आठवणार होतं, पण तेव्हा ती स्वतःवर खूश होती.

दुसऱ्या दिवशीपासून कोंबडखत यायचं बंद झालं. ठरलेल्या वारी गाडी आली नाही. अक्काने भुसा भिजवून ठेवला होता, तो तसाच आंबू लागला. “घाबरले,” ती भावजयीला म्हणाली. भावजय डब्यांवर चिकटपट्टी लावत होती. तिने नुसतं “हं” केलं. भावजय बोलायला कमीच. लग्नाला बारा वर्षं झाली तरी अक्कासमोर तिचं बोलणं ‘हो’ आणि ‘हं’ ह्यांतच संपायचं, आणि इतकं कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं ह्याचाही अक्काला अधूनमधून संशय यायचा.

तपासणीला मॅडम दहाव्या दिवशी आल्या. तरुण पोरगी, पायात गमबूट, हातात फाइल. तक्रारदार म्हणून अक्काला हजर राहावं लागलं. काका शेडाच्या दारात उभे होते. त्यांनी अक्काला ‘ये’ म्हटलं नाही, ‘येऊ नको’ असंही म्हटलं नाही.

पहिली दोन शेडं मोजून झाली. आत शिरलं की कोंबड्यांचा गलका एकदम चढायचा आणि मग हळूहळू उतरायचा. बाराशे आणि बाराशे, दोन-चार इकडे तिकडे. मग मॅडमनी तिसऱ्या शेडाचं दार ढकललं. जमीन झाडून ठेवलेली, पाण्याची भांडी एकात एक घालून कोपऱ्यात रचलेली. एक पीससुद्धा नाही.

“मी म्हटलं नव्हतं?” अक्का म्हणाली.

“काका, ह्या शेडाचं ह्यांना सांगायचंय का?” मॅडमनी फाइल उघडत विचारलं. प्रश्न जरा विचित्र होता, पण अक्काच्या ते लक्षात आलं नाही.

काकांनी भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं. “या,” ते म्हणाले.

शेडाच्या मागे, चिंचोळ्या पट्ट्यात, एक लांबट उंचवटा होता. आजूबाजूला सगळं वाळलेलं होतं, आणि तेवढ्याच जागेवर गवत गुडघाभर हिरवंगार माजलं होतं.

“काका, नको,” मॅडम म्हणाल्या. “जनावरांच्या डॉक्टरांचा पंचनामा फाइलीत आहे. मी तो तेव्हाच पाहिलाय.”

“तुम्ही पाहिलाय. हिने नाही पाहिला.”

त्यांनी चार-पाच फावडी माती काढली. आधी चुन्याचा पांढरा थर लागला. मग पिसं. मातीने मळलेली, एकमेकांना चिकटलेली, पिसांखाली पिसं. काकांनी फावडं थांबवलं.

“खाद्याची गाडी तेवीस दिवस आली नाही,” ते म्हणाले. ते अक्काशी बोलत होते, पण बघत होते मातीकडे. “सगळ्यांना थोडं थोडं घातलं असतं तर सगळ्याच गेल्या असत्या. दोन शेडं जगवायची तर एक सोडावं लागत होतं. कुठलं, ते मी ठरवलं. डॉक्टर म्हणाले, उपाशी मारण्यापेक्षा आधीच... मदतीला माणूस मिळेना, कुणी घराबाहेर पडत नव्हतं. दोन दिवस लागले. फॉर्मवर विचारलं होतं, बंदीच्या पहिल्या दिवशी किती होत्या. तीन हजार सहाशे होत्या. तेवढ्या लिहिल्या.”

अक्काला ते दिवस आठवले. तेव्हा घाण वास यायचा. आपल्याच खड्ड्यातलं मशरूम कुजतंय असं समजून तिने खड्ड्यावर जास्तीची माती टाकून घेतली होती. कुंपणापलीकडे डोकावून बघितलं नव्हतं.

“काका, मला कुणी सांगितलंच नाही...”

“सांगायला काय होतं त्यात?” काका म्हणाले, आणि काढलेली माती परत लोटू लागले. “लग्नाची बातमी होती का?”

मॅडम गाडीकडे निघाल्या. अक्का त्यांच्यामागून गेली, कारण दुसरीकडे कुठे जावं ते तिला सुचेना. जाता जाता काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “आमचं प्रलंबित कधी निघेल?”

“प्रलंबित?” मॅडमनी फाइलीतला कागद काढला. “तुमची रक्कम महिन्यापूर्वीच जमा झालीय. अकराशे पिशव्या, पूर्ण. तुम्ही भागीदार आहात म्हणून सांगते, संयुक्त खातं आहे. तुमचा भाऊ आणि त्यांची पत्नी.”

अक्का घरी चालत आली. अंतर दोनशे पावलांचं, पण तिला वाटलं आज ते संपणारच नाही.

ती लगेच काही बोलली नाही. हॉलमध्ये उभं राहून बोललेलं एकदा अंगाशी आलं होतं. आता आधी बघायचं, असं तिने ठरवलं, आणि चार दिवस ती नुसती बघत राहिली. छोट्या फोन आला की अंगणात का जातो? भावजयीने मुलीला नवे बूट घेतले, ते कुठल्या पैशांनी? दोघं जेवताना एकमेकांकडे बघत का नाहीत, की बघतात आणि आपल्याला दिसू देत नाहीत? छोट्याच्या डोक्यातून हे निघणं शक्य नाही, हे अक्काने मनाशी पक्कं केलं. तो भोळा. ही बारा वर्षं मुकाट बसून हिशेब करत होती. एकदा तर भावजय बाहेर गेल्यावर अक्काने तिच्या कपाटाचं दार उघडलं. आत घडी घातलेले कपडे, मुलीच्या वह्या, औषधाच्या दोन बाटल्या. कपाट बंद करताना आरशात स्वतःचं तोंड दिसलं, आणि ती तिथून चटकन निघाली.

पाचव्या दिवशी दोघी तीन नंबरच्या खोलीत खुडायला होत्या. त्या खोलीत अंधुक उजेड, गार ओलसर हवा, आणि बोललेलं भिंतींना लागून बारीक होऊन परत यायचं. भावजय खालच्या रांगेत वाकली होती. दोन बोटांत मशरूम धरून हलका पीळ द्यायची, देठ कापायची, डबीत ठेवायची.

“खात्यावर किती आले गं?” अक्काने एकदम विचारलं.

भावजयीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण अक्काला सापडेना. “मदतीचे? सगळे आले की. तुम्हाला ह्यांनी सांगितलं नाही?”

“तुमच्या खात्यावर का आले?”

“तुम्हीच म्हणालात ना?” भावजय उभी राहिली. “हे म्हणाले, अक्का म्हणतेय ह्या खेपेला तुमच्या नावावर घ्या, त्यातून थंडाव्याची गाडी घ्या, माल लांबच्या बाजारात नेता येईल. मला इतकं बरं वाटलं, अक्का. मी म्हटलंसुद्धा, आपण अक्कांना थँक्यू म्हणू या. तर म्हणाले, तिला तसलं आवडत नाही, विषय काढू नको.”

अक्काच्या हातातली सुरी हातातच राहिली. भावजय तिच्याकडे बघत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“तुम्ही म्हणाला नव्हता,” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि काकांवर तक्रार केलीत, तेव्हा... तेव्हा ह्यांना माहीत होतं?”

भावजयीने डबी खाली ठेवली आणि खोलीबाहेर गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा अक्काने तिचा चढलेला आवाज ऐकला. जाड दारातून शब्द कळत नव्हते, पण आवाज एकाच माणसाचा होता.

छोट्या थोड्या वेळाने आत आला. तो दाराशीच उभा राहिला.

“अर्धे पैसे गाडीला विसार म्हणून दिलेत,” तो म्हणाला. “उरलेले आहेत. देतो तुला.”

“मी पैशांचं विचारलं का?”

“मग?”

“मागितले असतेस तर दिले नसते?”

“नसते दिलेस,” छोट्या म्हणाला. त्यात राग नव्हता. “तीनदा मागितले होते गाडीला. तू म्हणालीस बघू. पेट्रोलचं बिल मागतेस तू माझ्याकडे, अक्का. चाळीस वर्षांचा आहे मी. अर्धं शेत माझंही आहे.”

“अर्धं. पैसे पुरे घेतलेस.”

छोट्या दाराच्या कडीशी चाळा करू लागला.

“ते सोड,” अक्का म्हणाली. “मी काकांना भर हॉलमध्ये चोर म्हणाले. तू शेजारी बसला होतास. सही करताना माझा हात धरायला हवा होतास रे. नुसता धरला असतास तरी चाललं असतं.”

“मला वाटलं, चौकशी होईल, काही निघणार नाही, विझून जाईल,” छोट्या म्हणाला. “आणि तोपर्यंत तुझं लक्ष तिकडे राहील.” हे शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नसावं, पण ते निघून गेलं, आणि मग त्याला अक्काकडे बघवेना.

पुढच्या बैठकीला हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता. तपासणीची बातमी सगळीकडे गेली होती. अक्का उभी राहिली आणि तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“मागच्या बैठकीत मी अंडेवाले काकांबद्दल बोलले ते खोटं होतं,” ती म्हणाली. “त्यांच्या कोंबड्या होत्या. मी न विचारता बोलले. तक्रार मी मागे घेतलीय. इथे बोलले होते म्हणून इथेच सांगतेय. काका, मला माफ करा.”

काका नेहमीच्या दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली होती. बराच वेळ त्यांनी ती फिरवली. मग विचारलं, “तुझे पैसे? ते सापडले का?”

“सापडले.”

“कुठे होते?”

सगळे तिच्याकडे बघत होते. छोट्या आणि भावजय मागच्या भिंतीपाशी उभे होते. अक्काने मागे वळून बघितलं नाही.

“घरातच,” ती म्हणाली, आणि बसली.

कुणी हसलं नाही. दूधवाल्याने खोकून पुढचा विषय काढला. त्या एका शब्दात जे कळायचं ते सगळ्या हॉलला कळलं होतं, आणि बैठक संपायच्या आत छोट्या निघून गेला होता.

उरलेले पैसे त्याने अक्काच्या खात्यात भरले. विसार परत मिळणार नव्हता, म्हणून गाडी घेतलीच. अक्काने तिचा निम्मा खर्च उचलला, आणि तीन व चार नंबरच्या खोल्यांच्या किल्ल्या भावजयीच्या हातात दिल्या. छोट्याच्या नाही. छोट्याने ते पाहिलं. माल आता लांबच्या बाजारात जातो, आणि भावही बरा मिळतो. पण गाडीत डबे चढताना अक्काचे डोळे आपोआप मोजू लागतात. ती मान दुसरीकडे वळवते. तरी तोवर मोजून झालेलं असतं.

बैठकीनंतर दोन आठवड्यांनी काकांनी कुंपणावरून हाक मारली होती. “कोंबडखत हवं असेल तर बुधवारी ये. पोती तुझी आण. गाडी मी पाठवणार नाही.”

“येते,” अक्का म्हणाली होती.

तेव्हापासून ती दर बुधवारी जाते. पोती स्वतः भरते, स्वतः तोंडं बांधते. काका लांब उभे राहतात, आकडा सांगतात, पैसे मोजून घेतात. आधी ते कधी मोजत नसत. ‘आत ये, चहा घे’ असं म्हणत नाहीत, आणि अक्काही बसायची वाट बघत नाही. मागच्या बुधवारी एक पोतं फाटकं निघालं. सगळं खत वाटेवर सांडलं. अक्का खाली बसून ते ओंजळीने गोळा करू लागली. काकांनी थोडा वेळ बघितलं, मग शेडातून एक जुनं पोतं आणून तिच्यापुढे टाकलं, आणि तिने तोंड उघडायच्या आत पाठ फिरवून कोंबड्यांना पाणी घालायला निघून गेले.